गादीवरचा चेंडू

५ मार्च

ताई,

आठ वर्षांनी पत्र पाठवलंस आणि तेही चार ओळींचं! "टिल्लू तुमच्या क्लबात निवडीला येतोय. मामा म्हणून नको, परीक्षक म्हणून बघ. त्याच्यात काही आहे की नाही ते खरं सांग. फोन करू नकोस, भांडण होईल." मायना नाही, सही नाही, कसा आहेस म्हणून विचारणं नाही. फोनचं मात्र मला पटलं. तुझा आवाज कानावर पडला की माझा आपोआप चढतो, आणि आई गेल्यावर तिचं कपाट कुणी न्यायचं या जुन्या भांडणापर्यंत पोचायला आपल्याला दोन मिनिटं पुरतात. तेव्हा पत्रच बरं. (कपाट माझ्याकडेच आहे आणि धडधाकट आहे. तो विषय संपला.)

तुझा मुलगा काल बघितला. कुणी ओळख करून द्यायची गरजच पडली नाही. हॉलच्या दारातून वाकून आत आला, आणि चालण्यावरून मला क्षणभर भावोजीच आल्यासारखं वाटलं. तोच पाय जरा बाहेर टाकत चालायचा ढंग. फक्त भावोजींच्या डोक्यावर आणखी एक फूट ठेवलेला. एवढ्या ताडमाड पोराला अजून टिल्लू म्हणतेस? आमच्याकडे एका दिवसात सगळे तेच म्हणायला लागले, कारण त्याने स्वतःच हळू आवाजात तेच नाव सांगितलं.

मुख्य प्रशिक्षकांना मी लगेच सांगून टाकलं की हा माझा सख्खा भाचा. ते म्हणाले, "मग तुझा शब्द मी निम्म्या भावाने घेणार." घ्या म्हटलं. मामा म्हणून त्याला पाव मार्कही जास्त देणार नाही, खात्री बाळग.

आता माझी पद्धत ऐक. गेली पंधरा वर्षं मी बास्केटबॉलसाठी उंच पोरं निवडायचं काम करतो. सहा फुटांच्या वरचं पोर दिसलं की लोक हुरळून जातात, मी नाही. मी कागदावर तीन शब्द लिहितो: आहे, नाही, होईल. प्रत्येकापुढे दोन-तीन ओळी. अर्ध्या सामन्यात माझं काम होतं आणि क्वचितच चुकतं.

आहे: हात. चेंडू कसाही येऊ दे, डोक्यावरून, पाठीमागून, कुणाच्या कोपराला लागून, हा तो असा अलगद धरतो की आवाज म्हणून होत नाही. आणि पाय! ताई, एवढी उंच पोरं धावतात तेव्हा जमीन हादरते. हा धावला तर बुटांची चरचरसुद्धा ऐकू येत नाही. मी दोनदा मागे वळून बघितलं, कारण हा माझ्यामागे कधी येऊन उभा राहिला ते कळलंच नाही.

नाही: चेंडू जमिनीवर आपटत पुढे न्यायला जमतच नाही. आठवीतली पोरं याच्यापेक्षा बरं करतात. खांदे काटकुळे. पण ही दुखणी बरी होणारी आहेत.

अडलंय ते एका भलत्याच गोष्टीवर. तो बोलत नाही.

तुला वाटेल, मुलगा गुणी आहे, बोलत नाही तर चांगलंच की. तसं नाही गं. उंच खेळाडू आपल्या बास्केटखाली उभा असतो, सगळं मैदान त्याच्या डोळ्यांसमोर असतं. पुढच्या बुटक्या गड्याच्या पाठीमागे विरोधी गडी भिंतीसारखा येऊन उभा राहतो, ते त्या बिचाऱ्याला दिसत नाही. ते ओरडून सांगायचं काम उंच गड्याचं. "डावीकडे!" एवढंच ओरडायचं असतं. नाही ओरडला तर बुटका जाऊन धाडकन आदळतो. काल आमचा एक चिमणा गडी तीनदा आदळला. टिल्लूने तिन्ही वेळा आधी बघितलं होतं, मी त्याचे डोळे बघत होतो. तोंड उघडलं नाही.

मुका मोठा गडी म्हणजे निम्मा गडी. आजच उत्तर हवं असेल तर 'नाही'. पण निवड २९ तारखेला आहे, जागा एकच आहे, आणि दुसरा उमेदवार मला मनापासून आवडलेला नाही. म्हणून थांबतो. एक विचारतो, राग मानू नकोस: पोराला नीट ऐकू येतं ना?

— तुझा भाऊ (कागदोपत्री तरी)

११ मार्च

ताई,

"तुझेच कान तपासून घे" हे तुझं उत्तर पोचलं. धन्यवाद.

पण त्याला उशीर झाला, कारण तुझं पत्र यायच्या आधीच मी त्याला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो होतो. रागावू नकोस. डॉक्टरीणबाईंनी त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला ते हेडफोन लावले. बाहेर आल्या त्या हसतच. म्हणाल्या, "याला काय झालंय म्हणून आणलंत? मी शेजारच्या खोलीत चॉकलेटचा कागद सोडला तेही याने सांगितलं." वर टिल्लूने त्यांना सांगितलं की तुमच्या पंख्याचं बेअरिंग जायला आलंय. हे तुझ्याकडून आलं असणार. तू नाही का पंपघरात रात्रभर बसून नुसत्या आवाजावरून कुठला पंप आजारी आहे ते ओळखतेस.

म्हणजे कान नाहीत. मग मी म्हटलं, भित्रा असेल. दुसरा उमेदवार आहे त्याला आम्ही भोंगा म्हणतो. दोन बोटं कमी उंच, पण रुंदीला दार, आणि तोंड अखंड चालू. त्याला टिल्लूच्या अंगावर सोडलं. भोंग्याने कोपर मारलं, ढकललं, एकदा तर पायावर पाय दिला. टिल्लू जागचा हलला नाही. ओठ फुटला तो पुसला आणि भोंग्याच्या हातातून चेंडू काढून घेतला, जणू लहान मुलाच्या हातातून कात्री काढतोय! भित्रं पोर असं करत नाही.

मग म्हटलं, जीभ अडखळत असेल. बाजूला बसवून वर्तमानपत्र वाचायला दिलं. घडाघडा वाचलं, पण इतक्या हळू की मला कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागला. शेवटी सरळच विचारलं.

"टिल्लू, खेळ आवडतो ना तुला? की आईने ढकललंय म्हणून येतोस?"

"आवडतो की, मामा."

"मग ओरडत का नाहीस?"

त्याने वर्तमानपत्राची आवाज न करता घडी घातली. "ओरडतो मी, मामा. आतल्या आत."

आतल्या आत! आता याचं मी काय करू? कागदावर कुठल्या शब्दापुढे लिहू?

खरं सांगू का, मी पार गोंधळलोय. मला पोर कळत नाही असं कधी होत नाही. परवा मुख्य प्रशिक्षकांनी विचारलं, काय ठरलं, आणि मी "बघतोय" म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जणू माझीच तब्येत बिघडली आहे. हात बघितले की 'घ्या' लिहावंसं वाटतं, तोंड बघितलं की 'नको'. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

पोर कळायचं तर त्याच्या घरापासून सुरुवात करावी, म्हणून मी त्याला म्हटलं की घरी येतो, तू कुठे कसा सराव करतोस ते बघतो. तर तू चिठ्ठी पाठवलीस, "माझ्या घरी यायचं नाही." बरं. नाही येत. मला काय हौस नाही.

— तुझा भाऊ

१६ मार्च

ताई,

लिफ्ट दुरुस्तीच्या शाळेचं तू लिहिलंस ते वाचलं. ३१ तारखेला प्रवेश बंद, आणि भावोजींचे जुने सोबती तिथे शिकवतात म्हणून त्याला घेतील, हे सगळं समजलं. "तू हो म्हणालास तर खेळू दे, नाही म्हणालास तर सोमवारी मी त्याला तिकडे घालते. अधांतरी ठेवू नकोस, त्याचे बाबा असेच अधांतरी गेले." ताई, हे वाक्य वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि एक चक्कर मारून आलो. भावोजी लिफ्टच्या कामावर असताना गेले तेव्हा टिल्लू पाच वर्षांचा होता. तेव्हापासून तू रात्रपाळी धरलीस, पोर शाळेतून येईल तेव्हा घरात कुणी असावं म्हणून. हे मला ठाऊक नाही असं समजू नकोस.

म्हणूनच घाईने काही लिहवत नाही. माझ्या एका शब्दावर पोराचं वर्ष जाणार. आजवर दुसऱ्यांच्या पोरांची वर्षं मी अर्ध्या सामन्यात ठरवत आलो, तेव्हा कधी दुसरा कागद लागला नाही. आता चौथा कागद चालू आहे. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

थोडी प्रगती सांगतो. मला वाटतं, त्याचे पाय इतके मऊ का पडतात ते मला उमगलंय. घरात तुमच्या खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे घातलेले, दाराच्या फटीला कापडाची पट्टी, घड्याळ आहे पण काटे बंद, टिकटिक नको म्हणून. अशा घरात वाढलेलं पोर मांजरासारखंच चालणार. हे सगळं टिल्लूनेच मला सांगितलं, गप्पांच्या ओघात.

भोंग्याचं विचारलंस. भोंगा जोरात आहे. परवा त्याने सबंध सामनाभर आरडाओरडा केला, आणि निम्म्या वेळा डावीकडे म्हणायचं ते उजवीकडे म्हणाला. पण मुख्य प्रशिक्षकांना तो आवडतो. "निदान कळतं तरी की हा मैदानात आहे," म्हणतात.

तुझी तब्येत कशी आहे? चष्म्याची काडी दोऱ्याने बांधून वापरू नये, नवीन घ्यावी.

— भाऊ

२१ मार्च

ताई,

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही.

तुझं पत्र आलं, एकाच ओळीचं: "ओट्यावर विसळून ठेवलेल्या कपाचा कान डावीकडे होता." आपल्या घराण्यात डावखुरा मी एकटा. चोरी करावी तर तुझ्या घरी करू नये. आणि चष्म्याच्या काडीचं लिहिलं तेव्हा लेखणी खाली ठेवायला हवी होती, पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं.

तर हो, आलो होतो. तेरा तारखेला, दुपारी. टिल्लूने बोलावलं नाही, मीच त्याच्या मागे लागून आलो.

त्याने दार उघडलं आणि पहिल्यांदा ओठांवर बोट ठेवलं. आठ वर्षांनी बहिणीच्या घरात पाऊल टाकतोय, मनात काय काय जुळवून आलो होतो, आणि सुरुवातच अशी. मला बूट काढायला लावले. मी मोठ्याने "कसली रे खोली" असं काहीतरी म्हणणार तर त्याने माझा दंडच धरला. पडद्यापलीकडे तू झोपलेली.

मी एका मोजे घातलेल्या खुर्चीवर बसलो. त्याने चहा केला. ताई, त्याला चहा करताना कुणी बघितलंय का गं? भांडं गॅसवर ठेवताना खाली करंगळी ठेवतो, आधी करंगळी टेकते, मग भांडं. चमचा कपात फिरवत नाही, कपच फिरवतो. नळ पूर्ण सोडत नाही, धारेखाली फडकं धरतो. साडेसहा फुटांच्या वरचं धूड, पंख्याला डोकं लागू नये म्हणून मान कलती केलेली, आणि आवाज काही नाही. मी आपला तोंड उघडं टाकून बघत बसलो.

मग मी खुणेने विचारलं, सराव कुठे? त्याने कोपऱ्यातली गादी ओढून भिंतीशी अंथरली, चेंडू घेतला आणि छताकडे उडवला. छताच्या एक वीत खाली चेंडू थांबला, खाली आला, याने धरला. पुन्हा. डोळे मिटून. पाठीमागून. एका हाताने. गादी होती ती फक्त सुटलाच तर. सुटला नाही. मला खुणेनेच कळलं की त्याचं असं बारा वर्षं चाललंय. चेंडू जमिनीला लागता कामा नये, लागला की आई उठते.

कळलं का तुला, मी तिथे बसून काय वाचलं ते? माझा सगळा कागद त्या खोलीत होता. हात तिथले, पाय तिथले. आपटत नेता येत नाही ते तिथलंच, कारण आयुष्यात घरात कधी आपटलेलाच नाही. आणि ते मुकेपण. चांगलं आणि वाईट एकाच गादीवर वाढलंय. मी पंधरा वर्षं 'आहे' आणि 'नाही' वेगवेगळ्या ओळींत लिहीत आलो. आता यातलं एक खोडायला गेलो तर दुसरं राहील का? मला नाही सांगता येत. गोंधळ होता तो दुप्पट झाला.

तू गाढ झोपली होतीस. मी दीडेक तास बसलो, कप विसळला आणि निघालो. उठवलं नाही. पोराने बारा वर्षं नाही उठवलं, मी कोण उठवणारा.

आता माझं म्हणणं एवढंच: त्याला तू सांग. घरात, तुझ्या तोंडाने सांग की बाबा रे, ओरड.

— ढब्बू
(लहानपणचं नाव चुकून लिहून गेलो. राहू दे.)

२५ मार्च

ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. "मी त्याला एकदाही गप्प बस म्हटलेलं नाही. त्याने आपणच ठरवलं. पहिल्या वर्षी एकदा ताट पडलं त्याच्या हातून, मी दचकून उठले आणि उठल्या उठल्या रडले, यांची आठवण आली म्हणून. त्याला वाटलं, आवाजाने रडले. तेव्हापासून. परवा मी सांगितलं त्याला ओरड म्हणून. हो आई म्हणाला. इतक्या हळू म्हणाला की मला पुन्हा विचारावं लागलं."

लिहायला बसलो की तेच चित्र दिसतं: पाच वर्षांचं पोर, ताट जमिनीवर, आणि तू रडतेस. पोराजवळ कुणी मोठं माणूस भानावर असतं तर दोन मिनिटांत समजावून टाकलं असतं. मी नव्हतो. तेव्हा आपलं बोलणं चालू होतं तरी नव्हतो, कामावर होतो. तू अर्धवट झोपेत होतीस. कुणाची चूक म्हणायची? मला कुणाचीच सापडत नाही, आणि चूक सापडली नाही की मला काही सुधरत नाही.

सरावात त्याच्यावर सगळे उपाय केले. भिंतीकडे तोंड करून ओरडायला लावलं, चिमण्या गड्याचा हात धरून ओरडायला लावलं, भोंग्याला शिकवायला लावलं. भोंगा बिचारा मनापासून शिकवत होता, त्याचाच घसा बसला. टिल्लू छाती भरून श्वास घेतो, तोंड उघडतो, आणि मान हळूच बाजूला वळवतो. कुणी झोपलंय का बघतो, ताई. भर दुपारी, हॉलमध्ये!

तर शनिवारी, २९ ला, तू ये. सामना सकाळी दहाला. पाळी संपवून सरळ इकडे ये. वरच्या रांगेत बस आणि टक्क जागी राहा. तू जागी आहेस हे त्याला दिसलं पाहिजे. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. दुसरा काही उपाय मला सुचत नाही.

— ढब्बू

३० मार्च

ताई,

काल तू न बोलता निघून गेलीस, म्हणून हे लिहितो. तुला ठाऊक आहे त्यातलंही लिहितो, कारण माझ्या बाजूने ते कसं दिसलं ते तुला ठाऊक नाही.

तू आलीस. केस विस्कटलेले, डबा काखेत, चष्म्याच्या काडीला अजून तोच दोरा. वरच्या रांगेत बसलीस. टिल्लूने मैदानातून बघितलं, हात हलवला. मी मनात म्हटलं, जमलं. आणि शिट्टी वाजून पाच मिनिटं झाली नाहीत तोच तू मान भिंतीला टेकवलीस, तोंड उघडं पडलं, आणि घोरायला लागलीस!

ताई, काय सांगू तुला, त्या क्षणी आपलं आठ वर्षांचं भांडण मला एकदम योग्य वाटायला लागलं. मी एवढी पत्रं लिहिली, एकच गोष्ट मागितली, जागी राहा. मुख्य प्रशिक्षक वळून म्हणाले, "ती बाई कोण? पोरांच्या निवडीला घोरणारी आई मी पहिल्यांदाच बघतोय." मी म्हटलं, माझी बहीण. आणि खुर्चीत आणखी खाली सरकलो.

टिल्लूने तुला बघितलं आणि संपलं. पार मांजर झाला. हातांनी कमाल करत होता, भोंग्याचे दोन नेम हवेतच अडवले, पण तोंडाला कुलूप. चिमणा गडी एकदा आदळला, दुसऱ्यांदा आदळला आणि उठताना गुडघा धरून उठला. मी कागद काढला आणि 'नको' लिहायला घेतलं. खरंच घेतलं. 'न' लिहूनही झाला होता.

तेवढ्यात चिमणा पुन्हा चेंडू घेऊन निघाला, त्याच गुडघ्याने लंगडत. त्याच्या मागून भोंगा चालून आला, भिंतीसारखा. या वेळी आदळला असता तर पोर उठलं नसतं.

"डावीकडे!"

मला आधी कळेचना कुणाचा आवाज. भोंग्याचा नव्हे. भावोजी जिन्याच्या तळातून वरच्या मजल्यावर हाक मारायचे, आठवतं? सगळी इमारत खिडकीत यायची. तो आवाज. हॉलभर घुमला. चिमणा वळला, वाचला, चेंडू पुढे गेला, सगळे पुढे धावले. टिल्लू एकटाच उभा. तो चेंडूकडे बघत नव्हता, तुझ्याकडे बघत होता. तोंडावर रंग नाही. पाच वर्षांचं पोर उभं होतं तिथे, हातातून ताट पडलेलं.

आणि तू उठली नाहीस. घोरणंसुद्धा थांबलं नाही.

तो बघत राहिला. मग त्याच्या खांद्यातून काहीतरी उतरल्यासारखं झालं. पुढच्या वेळी तो जरा चाचरत ओरडला आणि पुन्हा तुझ्याकडे बघितलं. तू तशीच. त्यानंतर त्याने वर बघायचं सोडलं. मग काय! उजवीकडे, मागे बघ, माझ्याकडे दे, सोड त्याला, सगळं बाहेर पडायला लागलं. एकदा तर नुसतंच ओरडला, काही कारण नसताना. हसत होता तेव्हा. मुख्य प्रशिक्षक म्हणाले, "भोंगा बोलतो जास्त. हा बोलतो ते बरोबर बोलतो." आणि त्यांनी याला घेतला. वर्षभरासाठी. टिल्लू मला म्हणाला, "लिफ्टा कुठे पळून जात नाहीत, मामा. एक वर्ष बघू." हे तो सगळ्या पोरांच्या गलक्यात म्हणाला आणि मला ऐकू गेलं.

आता तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. त्याच्यात काही आहे की नाही? आहे. भरपूर आहे. मोठा खेळाडू होईल का? मला माहीत नाही. 'होईल'पुढे मी काल आयुष्यात पहिल्यांदा "कळत नाही" असं लिहून सही केली. एकदा घसा उघडला म्हणून हात तेवढेच मऊ राहतील का, रिकाम्या हॉलमध्ये ओरडणारा भरल्या हॉलमध्ये ओरडेल का, कुणी सांगावं. तू खरं सांग म्हणाली होतीस, हे खरं.

आता माझं एक खरं उरलंय.

सामना संपल्यावर मी तुला उठवायला वर आलो. दोन पायऱ्या खाली असताना तुझ्या पायांकडे लक्ष गेलं. चपलेतून तुझा उजवा अंगठा बाहेर आला होता आणि हलत होता. वर-खाली, वर-खाली.

लहानपणी आई दुपारी आपल्याला झोपवायची, आणि तू डोळे मिटून, घोरून दाखवून सगळ्यांना फसवायचीस. आईलासुद्धा. मला कधीच फसवता आलं नाही तुला, कारण सोंग घेतलंस की तुझा उजवा अंगठा हलायचा. मी कधी चुगली केली नाही. आई म्हणायची, झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही. तेव्हा मी पायांकडे बघून हसायचो.

तू सामनाभर जागी होतीस. पोर ओरडलं तेव्हा जागी होतीस. पहिल्यांदा त्याचा आवाज निघाला आणि तू बघायचंसुद्धा नाकारलंस स्वतःला, डोळे मिटून नुसती घोरत राहिलीस, त्याला दिसावं म्हणून की आई उठत नाही. मी तुला जागी राहा म्हणून सांगत होतो. मी पंधरा वर्षांचा परीक्षक! तुला माझ्यापेक्षा तुझं पोर कळतं. एवढंच काय, मी तिथून वळलो तेव्हा तुझ्या बंद डोळ्यांतून पाणी येत होतं, तेही मी बघितलं. उठवलं नाही.

पण मग मला तेरा तारीख आठवली. त्या दिवशी तुझ्या घरातून निघताना पडद्याखाली तुझे पाय दिसले होते. तेव्हाही अंगठा हलत होता. "गाढ झोपली होतीस" असं मी तुला लिहिलं ते खोटं. दीड तास मी चार हातांवर बसलो होतो, तू जागी होतीस, आणि आपण दोघं गप्प होतो. मी काय समजलो सांगू? समजलो की हिला माझं तोंड बघायचं नाही. जिना उतरताना डोळ्यांपुढे पायऱ्या दिसत नव्हत्या मला.

कालपासून तेच घोळवतोय. तू टिल्लूसाठी सोंग घेतलंस ते त्याला जमावं म्हणून. मग माझ्यासाठी कशाला घेतलं होतंस? मी परत जाऊ नये, निवांत बसावं, चहा प्यावा म्हणून? तू उठली असतीस तर कपाट निघालं असतं, हे तर खरंच. की खरंच बोलायचं नव्हतं? मला कळत नाही, ताई. पोराचं कळत नाही आणि तुझंही कळत नाही. पत्राने विचारून उपयोग नाही, तू चार ओळी लिहिशील.

म्हणून येत्या रविवारी दुपारी मी येतोय. टेम्पो सांगितलाय. कपाट घेऊन येतोय. लिफ्टमध्ये मावणार नाही, जिन्याने चढवावं लागेल, टिल्लू एका बाजूला आणि मी एका बाजूला. लोखंडी आहे, प्रत्येक वळणावर आपटणार. तू पडद्यामागे पडून राहिलीस तरी मी आधी पायच बघणार आहे.

आवाज खूप होईल. होऊ दे.

तुझा,
ढब्बू